झाकण्याआधी दाखवा

घरातल्या वायरिंगची परवानगी आणि तपासणी यांबद्दल मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. निम्म्या पत्रांत ‘तपासणी टाळता येईल का’ असं विचारलंय, आणि उरलेल्या निम्म्यांत ‘टाळली, आता काय करू’. एकतीस वर्षं मी लोकांच्या घरांतली वायरिंग तपासली. दार उघडणारे आधी माझ्या खांद्यावरून मागे बघायचे, साहेब जिन्यात राहिले की काय म्हणून. साहेब नसायचेच. मेगरची म्हणजे वायरीचं आवरण तपासायच्या यंत्राची पेटी, बॅटरी आणि मी, एवढंच यायचं. त्यामुळे दोन्ही प्रकारची पत्रं माझ्या ओळखीची आहेत. अर्ज कुठे द्यायचा, फी किती, हे जागोजागी वेगळं असतं. ते तुमच्या वीजपुरवठा कार्यालयात विचारा. मी वायरींबद्दल बोलते.

प्रश्न : खोलीतला एक जुना सॉकेट बदलायचा आहे आणि बाल्कनीत एक नवा घ्यायचा आहे. एवढ्यासाठी परवानगी लागते का, असं विचारलं तर वायरमन हसला.

हसू द्या, तो अर्धा बरोबर आहे. जुना सॉकेट काढून त्याच जागी, त्याच वायरींवर तसाच नवा बसवणं ही दुरुस्ती झाली. तिला सहसा कुणी परवानगी मागत नाही. बाल्कनीतल्या सॉकेटचं तसं नाही. तो कुठल्या वायरवरून काढणार, त्या वायरवर आधीच काय काय चालतंय, वरून पाणी आलं तर पुढे काय, हे प्रश्न कालपर्यंत नव्हते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी असा एक सॉकेट वाढवायलाही परमिट घ्यावं लागतं. इंग्लंडमध्ये 2005 पासून ‘पार्ट पी’ नावाचा नियम आहे. तिथे नवं सर्किट ओढलं, मुख्य बोर्ड बदलला किंवा शॉवरच्या आसपास काम केलं तर कळवावं लागतं, पण असलेल्या सर्किटवर एखादा सॉकेट वाढवला तर सहसा नाही. म्हणजे मोठमोठ्या देशांचंही यावर एकमत नाही, तुमच्या वायरमनचं आणि तुमचं कुठून होणार!

माझ्यापुरती कसोटी सांगते. काम झाल्यावर नवी वायर भिंतीत किंवा छतात दिसेनाशी होणार असेल, मुख्य बोर्डाला हात लागणार असेल किंवा घरात दुसरीकडून वीज शिरणार असेल, तर आधी विचारायचं. दुसरीकडून म्हणजे छतावरचं सोलर, जनरेटर वगैरे. यात हयगय नको. रस्त्यावरची वीज गेलेली असताना तुमचा जनरेटर चुकीच्या जोडणीने उलटा लाइनवर गेला, तर बाहेरचा ट्रान्सफॉर्मर तुमचे 230 व्होल्ट हजारो व्होल्ट करून खांबावर पाठवतो. खांबावर त्या वेळी लाइन बंद आहे असं समजून माणूस चढलेला असतो.

प्रश्न : घराचं काम काढलंय. कंत्राटदाराने तपासणीची वाट न बघता झिऱ्या (वायरींसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवून प्लास्टर केलं, रंगही झाला. तपासायला आलेले म्हणतात, भिंती उघडा. कंत्राटदार म्हणतो, सगळं चालतंय, उघडायचं कशाला? मी कुणाचं ऐकू?

‘सगळं चालतंय’ हे कंत्राटदारांचं आवडतं प्रमाणपत्र आहे. अहो, दिवा लागायला दोन वायरी पुरतात. अर्थची वायर मध्येच तुटलेली असली तरी दिवा लागतो. बटण फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे ती परत नेणाऱ्या वायरीवर बसवलं तरी लागतो. जोड नुसता पिळून त्यावर टेप गुंडाळली असली तरी पहिली दोन-तीन वर्षं लागतोच लागतो.

त्या पिळलेल्या जोडाचंच घ्या. समजा तो सैल होऊन त्याचा विरोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून 10 अँपिअर वाहतायत. विद्युतप्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध, म्हणजे 50 वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातात असतात तशा दोन सोल्डरिंग आयर्नची उष्णता प्लास्टरखाली एका ठिपक्यावर. बोर्डातल्या एमसीबीला, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणाला, यातलं काही कळत नाही, कारण तिच्यातून 10 अँपिअरच जातायत, सगळं नेमस्त. गीझरच्या टोकाला व्होल्टेज पाच व्होल्टनी कमी मिळतं, तेही कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून तपासणीच्या दोन खेपा असतात, आणि माझ्या मते पहिलीच खरी. पाइप बसलेत, वायरी ओढून झाल्यात, पेट्या उघड्या आहेत, सॉकेट-बटणं अजून लागलेली नाहीत, अशा वेळची. तेव्हा मी काय बघायचे? वायरीच्या अंगावर छापलेली जाडी ठरल्याप्रमाणे आहे का. एका पाइपात किती वायरी कोंबल्यात. जोड पेटीतच आहेत की पाइपाच्या पोटात लपवलेत. अर्थची वायर प्रत्येक पेटीपर्यंत पोचलीय का. आणि वायरी बटणापासून सरळ वर, खाली किंवा आडव्या गेल्यात का.

हे शेवटचं लोकांना फाजील वाटतं. एका घरी बोर्डापासून एसीच्या सॉकेटपर्यंत तिरकी झीर मारली होती, तेवढीच वायर वाचली म्हणून. पहिल्या खेपेला मला बोलावलंच नव्हतं. पुढे त्या घरच्या आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळासाठी खिळा ठोकला, तो नेमका वायरीत. आसपास ना बटण ना सॉकेट, त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. खिळा फेजला टेकला आणि तसाच राहिला. भिंत कोरडी होती तोवर कुणाला कळलं नाही. पुढे भिंतीला ओल आली, आणि घड्याळाचा सेल बदलायला गेलेल्या सूनबाईंना असा झटका बसला की स्टुलावरून खाली आल्या. मनगटावर निभावलं. मी गेले तेव्हा आजोबा खिळ्याकडे बोट दाखवून विचारत होते, ‘हा कुठून जिवंत झाला?’

आता तुमच्या घराकडे येते. सगळ्या भिंती फोडायची वेळ सहसा येत नाही. आधी कंत्राटदाराकडे, गवंड्याकडे आणि घरच्यांच्या मोबाइलमध्ये प्लास्टरआधीचे फोटो आहेत का ते शोधा. कुणी ना कुणी काढलेले असतात, मुलं झिऱ्यांसमोर उभी असतात त्यात. मग पुरवठा बंद करून चाचण्या करायला सांगा. अर्थची वायर बोर्डापासून प्रत्येक सॉकेटपर्यंत सलग आहे का, हे पहिलं. दुसरी मेगरची. 500 व्होल्ट डीसी लावून फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला विरोध मोजतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो निदान 1 मेगाओहम हवा. नव्या वायरिंगचा आकडा मात्र याच्या कितीतरी पट जास्त यायला पाहिजे. नव्या घरात कुणी मला 1.2 दाखवून ‘पास’ म्हणालं तर मी पेटी बंद करत नसे. कुठेतरी वायर खरचटलीय किंवा पाइपात पाणी साचलंय. चाचणीआधी सगळी उपकरणं आणि दिवे काढून ठेवा. नाहीतर आकडाही खोटा येतो आणि एखादं इलेक्ट्रॉनिक उपकरणही जातं. आणि रिपोर्टात सगळ्या सर्किटपुढे एकच आकडा असेल, ओळीने 200, 200, 200, तर तो घरी बसून लिहिलेला आहे. खऱ्या घरात दोन सर्किटं सहसा सारखी भरत नाहीत.

चाचण्या स्वच्छ आल्या तरी सैल जोड त्यांत दरवेळी सापडतोच असं नाही. म्हणून तपासणाऱ्यांना विनंती करा की तुम्ही निवडा त्या तीन-चार जागाच उघडतो. जागा त्यांनी निवडायच्या, कंत्राटदाराने नाही. त्या जागा नीट निघाल्या तर बहुतेक माणसं ऐकतात. एकीत जरी पाइपाच्या पोटातला जोड निघाला, तर बाकीच्या भिंती उघडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो खर्च कंत्राटदाराचा. शेवटचा हप्ता अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर पुढचं बोलणं जरा जड जाईल.

प्रश्न : तपासणीत आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं यंत्र) बसवायला लावली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा घर अंधारात. वायरमन म्हणतो काढून टाकतो, एमसीबी आहेतच की.

काढू देऊ नका. घाईत असाल तर एवढंच वाचून थांबलात तरी चालेल.

एमसीबी वायरीची राखण करते, माणसाची नाही. 16 अँपिअरची ‘सी’ जातीची एमसीबी ताबडतोब पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. आणि फेजला चिकटलेल्या माणसातून किती जातात? शरीराचा विरोध दीड हजार ओहम धरला तर साधारण 0.15 अँपिअर. एमसीबीच्या लेखी कुणीतरी लहानसा पंखा लावला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातात धरलेली तार माणसाला कुठवर सोडता येते ते मोजलं होतं. पुरुषांची सरासरी 16 मिलिअँपिअरच्या आसपास आली, बायकांची त्याहून कमी. म्हणजे 0.016 अँपिअर. त्याच डॅल्झीलांनी 1961 मध्ये गळती ओळखून पुरवठा तोडणारं छोटं उपकरण तयार केलं. आपल्या घरांतली आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरची असते, अमेरिकेतलं तिचं भावंड 5 च्या आसपास पडतं. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची ती सतत तुलना करते. फरक पडला की तोडते, आणि 30 च्या पाचपट गळती असेल तर 40 मिलिसेकंदांच्या आत.

‘आमचं अर्थिंग चांगलं आहे, दांडा खोल पुरलाय’ असंही तुम्ही लिहिलंय. दांड्याच्या वाटेचा एकूण विरोध 20 ओहम धरा, घरगुती दांड्याला तो वाईट नाही. फेज फ्रिजच्या पत्र्याला लागली तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. 16 ची एमसीबी पडणारच नाही. पत्रा भारलेला राहील आणि मीटर फिरत राहील. नुसत्या दांड्यावर जिथे अर्थिंग आहे तिथे आरसीसीबी नसणं मला कधीच मान्य झालं नाही. काहींनी मला त्यावरून हट्टी म्हटलं, त्याला माझी हरकत नाही.

आता आरसीसीबी का पडते, ते शोधू. एमसीबी एकेक बंद करून बघितल्या आणि काही सापडलं नाही, असं तुम्ही लिहिता. सापडणार नाही. साध्या एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल तर एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडते. तेव्हा सगळ्या पिना सॉकेटमधून उपसा. नुसती बटणं बंद करून भागत नाही. मग दिवसाला एक जोडत जा. माझा पहिला संशय बरेच दिवस न वापरलेल्या गीझरवर किंवा इस्त्रीवर असतो. कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती ओल धरते. उपकरणं निर्दोष निघाली तर वायरमनला एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याच आरसीसीबीच्या पट्टीवर गेलाय का ते बघायला सांगा. नव्या बोर्डांत हा घोळ फार. आणि प्रत्येक उपकरणाची थोडी थोडी गळती मिळून दहाबारा मिलिअँपिअर होत असेल, तर बिघाड कशातच नसतो, एकाच आरसीसीबीवर सगळं घर टाकलेलं असतं. ही यंत्रं 30 च्या अलीकडे, 15 च्या पुढे कुठेही पडू शकतात, म्हणजे त्यावर थोडी भर पडली की पुरते. अशा वेळी एकीच्या दोन करा.

तिच्यावरचं टेस्टचं बटण तीन-सहा महिन्यांनी दाबत जा. यंत्र अडकलेलं नाही एवढंच त्यातून कळतं. अर्थिंग ठीक आहे की नाही हे त्या बटणाला माहीत नसतं.

प्रश्न : मी स्वतः कंत्राटदार आहे, परवाना आहे, बावीस वर्षं काम करतोय. तपासायला येणारे पाच मिनिटं बोर्डाकडे बघतात, लेबल नाही म्हणून नापास करतात आणि जातात. याला तपासणी म्हणायचं का?

नाही म्हणायचं. तुमच्या पत्रातला राग मला पटला. बोर्डाचं झाकण न उघडता सही करणारे माझ्याही खात्यात होते, आणि त्यांच्या टेबलावर कागद कधी साचत नसत, याचं वरच्यांना कौतुक होतं. चांगल्या कामाला पाच मिनिटांत नापास करणारा वाईट कामाला पाच मिनिटांत पासही करतो.

पण लेबलाचं तेवढं माझं ऐका. तुम्हाला सर्किटं पाठ असतात. दहा वर्षांनी येणाऱ्या दुसऱ्याच पोराला ती पाठ नसतात. ‘किचन’ लिहिलेली एमसीबी पाडून तो ओट्यावरच्या सॉकेटमध्ये हात घालतो, आणि तो सॉकेट हॉलच्या सर्किटवर असतो. लेबल नसलं तर तो निदान मीटर लावून बघेल. चुकीचं लेबल त्याहून वाईट. मी लेबलावरून नापास केलंय ते चुकीच्या लेबलांवरून, आणि त्यासाठी एकेक एमसीबी पाडून घरभर फिरले आहे.

दुसरं, तपासणारा सही करतो म्हणून जबाबदारी त्याची होत नाही. ब्रिटनमधल्या प्रमाणपत्रावर तीन सह्या असतात. आराखडा कुणी केला, काम कुणी केलं आणि तपासलं कुणी. एकाच माणसाने तिन्ही केलं असेल तर एकच सही चालते, पण ती तिन्हींसाठी असते. मला ती पद्धत आवडते. अशी सही करताना पेन जरा थांबतं.

प्रश्न : जुनं घर विकत घेतोय. वायरिंगचे काही कागद नाहीत. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा टेस्टर घालून सगळं बरोबर असल्याचं सांगितलं. पुरे का?

पुरे नाही. तो टेस्टर अर्थ आणि न्यूट्रल यांची अदलाबदल ओळखत नाही. त्याला दोन्ही सारखेच दिसतात.

एका घरी प्रत्येक सॉकेटला त्या टेस्टरने हिरवा कंदील दिला होता. मी एक सॉकेट उघडला, तर न्यूट्रलच्या स्क्रूवरून बोटभर वायर अर्थच्या पिनेला जोडलेली. दुसरा उघडला, तिथेही तेच. घरात अर्थची वायर ओढलेलीच नव्हती. कुणीतरी टेस्टरला फसवायला सोय केली होती. अशा घरात मागे कुठे न्यूट्रल सुटला की उपकरणाच्या पत्र्यावर फेज येऊन बसते. आणि हे लावणारा अडाणी नव्हता, टेस्टर काय बघतो हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

रंगांवरही जाऊ नका. जुन्या ब्रिटिश पद्धतीत काळी वायर म्हणजे न्यूट्रल, अमेरिकेत काळी म्हणजे फेज. युरोपीय पद्धतीत तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल. ब्रिटनने 2004 मध्ये ती घ्यायला सुरुवात केली आणि 2006 पासून नव्या कामांना सक्तीची झाली. अर्धं घर जुनं आणि अर्धं वाढवलेलं असेल तर एकाच बोर्डात दोन पिढ्यांचे रंग भेटतात.

सौदा होण्याआधी बोर्ड उघडून, चारदोन सॉकेट उघडून, मेगर लावून रीतसर तपासणी करून घ्या. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांना दर पाच वर्षांनी ती करणं 2020 च्या नियमांनी सक्तीचं केलंय. फ्रान्समध्ये नव्या घराला कायमचा पुरवठा जोडण्याआधी ‘कॉन्सुएल’ या 1964 साली स्थापन झालेल्या संस्थेचा शिक्का लागतो. तुम्हाला कुणी सक्ती करणार नाही, म्हणून तुम्हीच करा. घरमालक ‘बोर्ड उघडू नका’ म्हणाले, तर तोही एक रिपोर्टच समजा.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे. माझ्या घरातलं काम मीच केलं तर?

काही देशांत मालकाला स्वतःच्या घरात काम करता येतं, तपासणी मात्र चुकत नाही. काही देशांत परवाना नसलेल्याने हात लावायचाच नाही. तुमच्याकडे काय आहे ते बघा. माझा अनुभव विचाराल तर इंजिनिअरांच्या घरी आराखडा सुरेख असायचा आणि स्क्रू सैल.

प्रश्न : तपासणीचा कागद मिळाला. आता तो कुठे ठेवू?

मूळ प्रत घराच्या कागदांत. एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोर्डाच्या झाकणाला आतल्या बाजूने चिकटवा, वायरींना टेकणार नाही अशी. सोबत प्लास्टरआधीचे फोटो छापून ठेवा, आणि प्रत्येक फोटोवर कोणती भिंत ते लिहा. मोबाइल तीन वर्षांनी बदलतो. आणि घड्याळासाठी खिळा ठोकायची वेळ आली की आधी ते झाकण उघडा.